आधी लाकूड, मग गाणं

आमच्या हॉलमध्ये गाणं सुरू होण्याआधी लाकूड सुरू होतं.

इंदूरच्या राजेंद्रनगरात जुन्या गाण्यांचा एक हौशी ग्रुप आहे. गणपतीत आणि कोजागिरीला त्यांचा कार्यक्रम असतो आणि रविवारची तालीम आमच्याकडे, कारण हॉल मोठा आहे आणि मुख्य गायिका माझी बायको आहे. मला कुठलंही वाद्य येत नाही, त्यामुळे ग्रुपमधली माझी जागा कुणी हिसकावू शकत नाही. पोहे वाफवणं, सेव-जीरावन पुढे करणं, जिलबी गार व्हायच्या आत आणणं, एक्स्टेन्शन बोर्ड शोधून देणं. इंदुरात हे काम हलकं समजत नाहीत. पण पोहे खाताना माणसं बोलतात, आणि ही माणसं एकाच विषयावर बोलतात: मँडोलिन, म्हणजे जोडतारांचं ते लहानसं वाद्य, कुठल्या कारागिराच्या हातचं चांगलं?

यंदाच्या एका गाण्यात अंतऱ्याआधी मँडोलिनचा आठ बारांचा तुकडा आहे. बायकोनं पाण्याचा घोट घेऊन पेला खाली ठेवेपर्यंत तो संपतो. वाजवायला मात्र चारजण हजर. तुकडा दुसऱ्यानं वाजवला तर चौघांपैकी कुणाचीच हरकत नाही. हरकत आहे ती दुसऱ्याच्या वाद्याला.

बँकेतून निवृत्त झालेले काका हे लॉइड लोरचे भक्त. ‘लोर’ म्हणताना त्यांचा हात कानाच्या पाळीला जातो. अमीर खाँसाहेबांच्या गावात राहून हा मान ते मिशिगनच्या माणसाला देतात. हा लोर १९१९ ते १९२४ एवढीच वर्षं कॅलमझू गावी गिब्सन या वाद्यं बनवणाऱ्या कंपनीत होता. १९२२ साली तिथं एफ-५ नावाचं मँडोलिन निघालं. व्हायोलिनसारखी कोरलेली पाठ-पोट, तशीच एफच्या आकाराची दोन भोकं, आणि आतल्या चिठ्ठीवर लोरची सही, तारखेसकट. आज त्यातलं एखादं घ्यायचं तर बोलणी लाख डॉलरच्या पुढे सुरू होतात. काकांनी खरं लोर कधी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या भक्तीत खोट येण्याची शक्यता नाही. त्यांच्याकडे मुलानं न्यू जर्सीहून आणलेलं त्याच घाटाचं एक वाद्य आहे. वरच्या खांद्याला लाकडाची सुरेख वेलांटी काढली आहे. मी एकदा विचारलं, यानं आवाजात काय फरक पडतो? काका म्हणाले, पट्टा अडकवता येतो.

बिल मन्‍रोची गोष्ट तर ते अशी सांगतात की बाजूच्या खुर्चीत त्यांचीच दाढी चालली होती. ब्लूग्रास नावाच्या अमेरिकन लोकसंगीताचा हा आद्यपुरुष. १९४० च्या दशकात त्याला फ्लॉरिडातल्या एका न्हाव्याच्या दुकानात मँडोलिन दिसलं, ते त्यानं दीडशे डॉलरला उचललं. आतली तारीख ९ जुलै १९२३, सही लोरची. पुढे दुरुस्तीवरून कंपनीवर रागावून त्यानं चाकूनं माथ्यावरचं नाव खरवडून काढलं. १९८५ साली कुणीतरी घरात शिरून शेकोटीच्या सळईनं त्या वाद्याचे तुकडे केले आणि कंपनीच्याच कारागिरानं ते कणाकणानं जोडून दिलं. इथे काकांचा आवाज कापतो. आम्ही सगळे पोह्यांकडे बघतो.

“जोडलेलं ते जोडलेलंच,” व्हायोलिनवाले सर म्हणतात. सरांचं दैवत नेपल्सला. विनाचिया हे कारागिरांचं घराणं, मग राफाएले कलाचे नावाचा कारागीर. मँडोलिन म्हणजे भोपळ्याच्या पाठीचं, लाकडाच्या पातळ फाका जोडून केलेलं. बाकी सपाट पाठीचं जे काही आहे ते त्यांच्या मते अमेरिकन फर्निचर. पोलादी तारा पास्क्वाले विनाचियानं १८३५ च्या सुमारास आणल्या, तेव्हा तुमच्या कंपनीच्या मूळपुरुषाचा, ऑर्व्हिल गिब्सनचा, जन्मसुद्धा झालेला नव्हता, हे ते काकांना दर रविवारी कळवतात. सरांकडे खरंच एक जुनं इटालियन वाद्य आहे. त्याची मान वाकली आहे, म्हणून ते दीड सूर खाली लावतात. शिवाय त्याचं पोट गोल आणि सरांचंही गोल, त्यामुळे मांडीवर ते टिकत नाही. दर ओळीला एकदा घसरतं, सर गुडघ्यानं थोपवतात, आणि तेवढ्यात तुकडा निघून गेलेला असतो.

तिसरे अप्पा. तरुणपणी ऑर्केस्ट्रात रात्र-रात्र वाजवलेला माणूस, या चौघांत हात सगळ्यांत साफ. ते वादात फारसे पडत नसत. काका गिब्सनचं कौतुक करत तेव्हा तर अप्पा मान डोलवून दाद देत, “गिब्सनला तोड नाही भिया, मी चाळीस वर्षं वाजवून राहिलो.” काकांना वाटे, एक तरी जाणकार भेटला. मग परवा काकांनी लाख डॉलरचा आकडा काढला आणि अप्पांच्या हातातली जिलबी तशीच राहिली.

“लाख डॉलर? वेडे झालात काय? मी जेल रोडवरून घेतलं होतं. खोळ फुकट!”

चौकशीअंती कळलं की अप्पांचं वाद्य गिवसन. कोलकात्याचं. इतके रविवार दोघं एकमेकांच्या गळ्यात गळे घालून वेगवेगळ्या खंडांबद्दल बोलत होते. काकांचा चेहरा बघवेना. अप्पांना मात्र जराही फरक पडला नाही. उलट ते म्हणाले, “बघा, म्हणजे माझं किती स्वस्तात पडलं!”

चौथा इंजिनिअरिंगचा मुलगा. त्याला मँडोलिनच्या चार जोड्यांच्या आठ तारा हीच मुळात चूक वाटते. यू. श्रीनिवास यांनी इलेक्ट्रिक मँडोलिनवर पाचच सुट्या तारा ठेवल्या आणि त्यावर अख्खं कर्नाटक संगीत वाजवलं, मग जोडतारांचं लोढणं कशाला? तोही तसं एक करून घेणार आहे. कुठल्या कारागिराकडून, ते ठरायचंय. तोपर्यंत तो वाजवत नाही.

या सगळ्यांचं ऐकताना मला लग्नाची स्थळं बघणाऱ्या वडीलधाऱ्यांची बैठक आठवते. घराणं कुठलं, मूळ गाव कुठलं, पोट स्प्रूसच्या लाकडाचं आहे पण पाठ मेपलची आहे ना, आधी कुणाकडे होतं, काही दुरुस्ती-बिरुस्ती लपवली तर नाही? स्वभाव कसा आहे, म्हणजे वाजतं कसं, हे विचारायचं राहून जातं. आणि माझं निरीक्षण असं, की कारागिराची बाजू कुणीच घेत नाही. सर वाकलेल्या मानेची बाजू घेतात. काका न परवडलेल्या गोष्टीची. एकटे अप्पा आहे त्यात खूश, म्हणून त्यांना वादात कुणी धरत नाही.

गेल्या रविवारी वाद मिटावा म्हणून मी मध्ये पडलो. म्हटलं, हे बघा, सज्जाद हुसेन हे आपल्या माळव्यातले, सीतामऊचे. सिनेमाला संगीत देणारा हा माणूस मँडोलिनवर रागदारी वाजवायचा. त्यांचं मँडोलिन कुणाच्या हातचं होतं, ते सांगा, म्हणजे संपलं. मला वाटलं होतं, सगळे गप्प होतील.

“गिब्सनच,” काका म्हणाले.

“नेपल्स. ती मींड दुसऱ्यात निघत नाही.”

“कोलकाता, भिया, अजून काय!”

मुलगा म्हणाला, त्यांनी आठ तारा ठेवल्या हेच त्याला पटत नाही.

मग मिरजेचा विषय निघाला, कारण तो निघतोच. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारी माणसं, ती तंबोरे-सतारी करू लागली आणि मिरजेचं नाव झालं. आता भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यांनी मनावर घेतलं असतं तर मँडोलिनही, वगैरे. एवढ्यात बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, “अहो, गाणं आहे की मी पोळ्या टाकू?”

लगेच चौघांनी वाद्यं काढली. मुलानं काकांचं जुनं मागून घेतलं. आठ-आठ तारा जोडीजोडीनं जुळवायच्या. त्यात मँडोलिनची घोडी चिकटवलेली नसते, नुसती तारांच्या दाबावर उभी; सरांची ती सरकली आणि वरचे पडदे बेसूर बोलू लागले. ती कुठे बसवावी यावर आणखी मतं आली. बायको तंबोऱ्याचं अॅप लावून डोळे मिटून बसली. ती सुरात होती की रागात, हे मी विचारलं नाही.

शेवटी की-बोर्डवाल्या पोरानं, जो बारावीत आहे आणि ज्याला कुणी काही विचारत नाही, दोन बटणं दाबली आणि तो आठ बारांचा तुकडा वाजवून टाकला. स्वच्छ, लयीत, जोडतारांच्या थरथरीसकट.

खोली स्तब्ध झाली. काकांनी स्पीकरला कान लावला. “लोरचं सॅम्पल आहे. हा खर्ज बघा.”

“खर्ज कसला? ही खणखण नेपल्सची आहे. कलाचे!”

अप्पा म्हणाले, “आपल्या गिवसनसारखं वाटून राहिलं.”

पोरगा बिचारा घाबरला. “काका, हे मँडोलिन नाहीच आहे. यात मँडोलिन येत नाही. बारा तारांची गिटार आहे, एक सप्तक वर चढवलीय.”

काका क्षणभर थांबले. मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, “गिटार कुठल्या कंपनीची?”