ट्रायकोकार्डं उन्हात टांगू नका हो!

आज दुपारी ठिबकचं सामान आणायला तालुक्याला गेले होते. कृषी सेवा केंद्राच्या शटरशेजारी, भर उन्हात, खिळ्याला ट्रायकोकार्डांचा, म्हणजे उसावरच्या किडीला मारणाऱ्या माशीच्या कार्डांचा, गठ्ठा टांगलेला. पारा 42 वर. आत कूलर सुरू. मी म्हटलं, "दादा, ही कार्डं आत तरी ठेवा." तर म्हणतो, "ताई, किडंच हायती ती. उन्हात लवकर निघतील."

लवकर निघतील म्हणे! सामान न घेताच परत आले. अजून हात थरथरतायत, म्हणून लिहायला बसले.

ज्यांच्या घरी ऊस नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कार्डावर भाताच्या पतंगाची अंडी चिकटवलेली असतात, एका कार्डावर साधारण 18 ते 20 हजार. त्या अंड्यांत ट्रायकोग्रामा नावाच्या परोपजीवी माशीनं आपली अंडी घातलेली असतात. माशी म्हणायचं इतकंच, अंगानं ती अर्धा मिलिमीटर. पतंगाच्या अंड्यातलं सगळं खाऊन तिची अळी आतच वाढते, तसं ते अंडं काळं पडतं. मग माशी कवचाला गोल भोक पाडून बाहेर येते, उसाच्या पानामागे खोडकिडीच्या पतंगानं घातलेली अंडी शोधते आणि त्यांत आपली अंडी घालते. खोडकिडीची अळी जन्मालाच येत नाही. विष नाही, वास नाही, तोंडाला फडकं बांधायला नको.

पण हे सगळं 26-28 अंशांच्या आसपास नीट चालतं. तेवढ्या तापमानात अंड्यापासून माशी व्हायला सात-आठ दिवस लागतात. थंडीत हेच काम रेंगाळतं. आणि 35 च्या पुढे घसरण सुरू होते. अंडी काळी होतात, पण आतली माशी बाहेरच येत नाही. आली तरी तिचं आयुष्य आखडतं, अंडी घालायचं बळ कमी पडतं. "लवकर निघतील" हे अर्धवट खरं आहे, उबेनं वाढ वेगात होतेच. पण ऊब वेगळी आणि भाजणं वेगळं. शटरशेजारच्या पत्र्यावरचं ऊन हे भाजणं आहे.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्या सुरू उसात, म्हणजे थंडीत लागण केलेल्या उसात, आबांनी कार्डं लावली. एका पुरवठादारानं ती ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून पाठवलेली. गाडी सकाळी आली आणि पार्सल दुपारपर्यंत स्टँडवरच्या टपरीत पडून. आबांनी एकेक पट्टी कात्रीनं कापली, पानाच्या खालच्या बाजूला स्टेपल केली. सत्तरीतला माणूस, सरीत वाकून वाकून. नंतर मी भिंग घेऊन बघायला गेले. अंडी काळीभोर, टपोरी, आणि एकालाही भोक नाही. पट्टी उलटीपालटी करून पाहिली, दुसरी काढली, तिसरी काढली. सगळ्या तशाच. आबा नुसते म्हणाले, "मेलेलीच लावली व्हय मी?"

ते वाक्य आज त्या दुकानात पुन्हा कानात वाजलं.

आणि गंमत नाही, संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. सुरू उसाला खोडकीड नेमकी उन्हाळ्यातच लागते. कोरडी, तापलेली हवा तिला मानवते. तिची अंडी चार-पाच दिवसांत फुटतात, अळी कोंबात शिरते आणि आत बसली की बाहेरच्या उन्हाशी तिचा फारसा संबंध उरत नाही. बाहेर पोंगा, म्हणजे मधला शेंडा, वाळतो, उपटला की हातात येतो, पोंगेमर म्हणतात ती हीच. म्हणजे ज्या दिवसांत किडीची चंगळ, त्याच दिवसांत तिच्या वैऱ्याचे हाल. आपली माशी तर फक्त अंड्यावरच काम करते. दोन-तीन दिवस चुकले की खेळ संपला. असं असताना त्या बिचारीला आपणच वाटेत भाजून मारायचं?

आणि मग बांधावर ऐकायचं, "जैविकनं काय होत नाही, दाणेदार कीटकनाशक टाका." आबांनाही हेच ऐकवलं गेलं, हसत हसत. अरे, लस उन्हात ठेवून टोचली आणि गुण आला नाही, तर लसीला नावं ठेवाल का?

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली. शेतकरी, शेतमजूर. ते आठवलं की पर्यायी वाटेची अशी हेळसांड बघवत नाही मला.

मान्य, कीड हाताबाहेर गेली की औषध लागतं. आम्हीही कधी मारतो. आणि दुकानदाराचंही खरं आहे एका परीनं, वीज दिवसाला किती वेळ असते ते मलाही माहीत आहे. फ्रीजमध्येही कार्डं कायमची टिकत नाहीत, फार दिवस थंडीत राहिली की निपज घटते, पंख अधू निघतात. पण मग गिऱ्हाईक बघून मागवा ना! तारीख लिहा!

जैविक चालत नाही म्हणणाऱ्यांनी पपई आठवावी. पिठ्या ढेकणानं बागा पांढऱ्या केल्या होत्या, फवारून माणसं थकली. 2010 मध्ये पोर्टो रिकोहून ॲसेरोफॅगस पपाये ही चिमुकली परोपजीवी माशी आणून सोडली, आणि तो ढेकूण आटोक्यात आला. बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोनं तर ट्रायकोग्रामाचा जास्त तापमान सोसणारा वाणही तयार केलाय, पिढ्यान्‌पिढ्या चढत्या तापमानात वाढवून. ही केवढी चिकाटी आहे! तो वाण आमच्या तालुक्याच्या दुकानात कधी येणार, हे कोणीतरी विचारायला हवं. उन्हाळे काही सौम्य होणार नाहीत.

आबांनी मात्र नाद सोडला नाही. पुढची खेप स्वतः जाऊन घेतली, रात्रीच्या एसटीनं आणली. पाण्याच्या जगमध्ये तळाला बर्फाची पिशवी, वर वर्तमानपत्राची जाड घडी, त्यावर कार्डं, म्हणजे गारवा लागेल पण ओल लागणार नाही. उसाला आधी पाणी दिलं होतं, सरीत पाचट होतं, ऊन कलल्यावर पट्ट्या लावल्या. त्या वेळी भिंगाखाली जवळजवळ प्रत्येक कवचाला नीटस गोल भोक होतं, आत पोकळ. एक माशी तर पट्टीच्या कडेवर चालताना सापडली. आबांना भिंग दिलं तर किती वेळ परतच देईनात. एका रानातल्या दोन खेपांवरून काय सिद्ध होतं, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. मी दोन्ही पट्ट्या डोळ्यांनी पाहिल्यात.

तेव्हा कार्डं घेताना माशी निघण्याची तारीख विचारा. उन्हात टांगलेली असतील तर घेऊ नका आणि का घेत नाही ते तिथेच, चार गिऱ्हाइकांसमोर सांगा. संध्याकाळी लावा, पानाच्या खाली लावा. त्याच्या आधी-नंतर काही दिवस फवारणी नको. चार दिवसांनी पट्टी काढून भोकं बघा, दिसली नाहीत तर पुरवठादाराला फोटो पाठवा आणि पैसे परत मागा.

आमची यंदाची कार्डं रविवारी येतायत. जवळपासच्या कुणाला बघायचं असेल तर सहानंतर रानात या, भिंग आहे माझ्याकडे. आणि त्या दुकानात मी उद्या पुन्हा जाणार आहे. गठ्ठा तिथेच असला तर फोटो काढून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार देणार.