सुधारणेला वाव

बारावीनंतर प्रवेश घेताना गुण देताना हात आखडणारे महाविद्यालयच निवडा, असा माझा तुम्हाला कळकळीचा सल्ला आहे. उदार महाविद्यालयातल्या मुलाला पुढे नुसते शिकत राहावे लागते. तुम्हाला मात्र आपले १० पैकी ७ पॉइंट त्याच्या ९ पॉइंटांहून कसे वजनदार आहेत, हे आयुष्यभर पटवून देण्याचा जोडधंदा फुकटात मिळतो.

माझ्या महाविद्यालयात (नाव सांगत नाही, तिथून अजून दाखले आणायचे आहेत) एका सरांनी माझ्या उत्तराखाली लाल शाईने ‘उत्तम’ लिहून शेजारी १० पैकी ६ गुण मांडले होते. उरलेले ४ कुठे गेले, असे भीत भीत विचारले, तेव्हा चष्म्यावरून पाहत ते म्हणाले, ‘‘अरे बाबा, सुधारणेला वाव ठेवायला नको?’’ तो वाव माझ्या गुणपत्रिकेवर अजून शाबूत आहे.

चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएचडी करायची असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे ७५ टक्के लागतात. जिथे सीजीपीएला (म्हणजे सगळ्या सत्रांच्या १० पैकी सरासरी पॉइंटांना) सरळ १० ने गुणतात, तिथे तुमच्या ७.५ वर काम भागते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कोष्टकाप्रमाणे मात्र त्यातून आधी ०.७५ वजा होतात आणि हाती ६७.५ टक्के उरतात. जर्मनीला निघालात, तर तिथे १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. आपल्याकडे १० पैकी ४ ला उत्तीर्ण धरले, की ७ चे २.५ होतात आणि ६.९ चे २.५५. ज्या अभ्यासक्रमाची वेस २.५ वर आहे, तिथे सरांनी राखून ठेवलेला तो वाव नेमका वेशीबाहेर उभा राहतो.

वर्गाच्या सरासरीवर श्रेणी ठरत असेल, तर शेजारच्याला नोट्स देण्याचा मूर्खपणा करू नका. त्याचा ताप तुमचा पॉइंट वाढवतो.

अमेरिकेतल्या प्रिन्स्टनने २००४ साली ‘ए’ गटातल्या श्रेणी ३५ टक्क्यांच्या आत ठेवण्याचे धोरण आणले आणि २०१४ साली गुंडाळले. दहा वर्षांत डगमगणाऱ्यांचा आदर्श आपण ठेवू नये.

ताळगावच्या पठारावर पदव्युत्तर प्रवेशासाठी गोवा विद्यापीठ स्वतःची परीक्षा घेते, तिच्यापासून मात्र सावध राहा. तिथे सर्वांना एकच प्रश्नपत्रिका असते, त्यामुळे कडक महाविद्यालयाची सबब पुढे करता येत नाही. त्यापेक्षा बाहेरगावची प्रवेश समिती बरी. म्हापशाच्या बाजारात मानकुराद आंबा घेणारा निदान फळ हुंगून तरी पाहतो. समिती फक्त आकडा पाहते.

तरीही कोणाला तुमची बाजू समजून घ्यायचीच असेल, तर गुणपत्रिकेच्या पाठीमागे महाविद्यालयाची श्रेणीपद्धती बारीक टायपात छापलेली असते. झेरॉक्सवाल्याला दोन्ही बाजू काढायला सांगा. मी विसरलो होतो.