‘एक वेत होऊ द्या, मगच ऑपरेशन करा’ हा सल्ला चुकीचा का आहे

पाळीव प्राण्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर सतत फिरत असतो. कुत्रीला किंवा मांजरीला एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, मगच नसबंदी करावी. नाहीतर गर्भपिशवीचे आजार होतात, स्तनांत गाठी होतात, ती लठ्ठ होते, आई होता न आल्यामुळे झुरते.

आधी गर्भपिशवीचं बघू, कारण इथे जीव जातो. कुत्री गाभण राहो वा न राहो, प्रत्येक माजानंतर साधारण दोन महिने तिच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) चढलेलं असतं. त्यानं गर्भपिशवीचं अस्तर जाड होतं, स्राव साचतो आणि माजाच्या काळात आत शिरलेले ई. कोलायसारखे जिवाणू तिथे वाढतात. पिशवी पुवानं भरते. हाच पायोमेट्रा. स्वीडनमध्ये कुत्र्यांची नसबंदी सर्रास होत नाही. तिथल्या विम्याच्या नोंदींनुसार वयाच्या १० वर्षांपर्यंत जवळपास दर चौथ्या मादीला हा आजार झाला होता. पिल्लं झालेल्या माद्यांत धोका थोडा कमी आढळल्याचे अभ्यास आहेत, हे खरं. पण ‘थोडा कमी’ म्हणजे संरक्षण नव्हे. नसबंदीत अंडाशय आणि गर्भपिशवी दोन्ही काढली, तर पू साचायला जागाच उरत नाही.

स्तनांच्या गाठींबाबत तर सल्ला नेमका उलटा आहे. १९६९ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात, नसबंदी न झालेल्या कुत्र्यांचा धोका १०० टक्के धरला, तर पहिल्या माजाआधी नसबंदी झालेल्यांना धोका ०.५ टक्का, पहिल्यानंतर ८, दुसऱ्यानंतर २६ टक्के आढळला. हा पुरावा फार भक्कम नाही अशी टीका पुढे झाली, तेव्हा या आकड्यांवर मी अडून बसणार नाही. मात्र मांजरींच्या स्तनांतल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या निघतात, आणि लवकर केलेल्या नसबंदीनं त्यांचं प्रमाण खूप घटतं.

लठ्ठपणाची भीती खरी आहे, पण एका वेतानं ती टळत नाही. ऑपरेशननंतर शरीराची अन्नाची गरज कमी होते, वाडगा मात्र तेवढाच भरला जातो. मोजून खायला घाला. आणि झुरण्याचं म्हणाल, तर कुत्री पिल्लांची स्वप्नं बघत बसत नाही. ती आपली इच्छा आहे.

थांबण्याचं एक योग्य कारण आहे, ते या मजकुरात कुठेच नाही. गोल्डन रिट्रीव्हरसारख्या मोठ्या जातींत फार लवकर नसबंदी केल्यास सांध्यांचे विकार वाढतात. काही माद्यांना पुढे नकळत लघवी होण्याचा त्रासही होतो; त्यावर औषध मिळतं. म्हणून वेळ डॉक्टरांशी बोलून, जात आणि वजन बघून ठरवा. ही वाट हाडं भरण्यासाठी पाहायची असते, बाळंतपणासाठी नाही.

आणि तुमच्या कुत्रीची नसबंदी अजून झाली नसेल, तर माज संपल्यावर पुढचे दोन-तीन महिने लक्ष ठेवा. ती नेहमीपेक्षा जास्त पाणी पीत असेल, खाणं सोडलं असेल, उलट्या करत असेल, तर बाहेरून पू दिसत नसला तरी त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्या. पिशवीचं तोंड बंद असलेला पायोमेट्रा जास्त धोकादायक असतो.