ओ'सलिव्हनचा 'ओ' कापला कोणी?

आयरिश आडनावांबद्दलची एक पोस्ट वरचेवर फिरत असते. आशय असा: दुष्काळात उपाशी मरायला टेकलेले ओ'सलिव्हन न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवर, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांना तपासून आत घेणाऱ्या ठाण्यावर उतरले, तिथल्या कारकुनाला नाव नीट लिहिता येईना, त्याने पुढचा 'ओ' उडवला. म्हणून 'ओ'वाले अस्सल आणि नुसते सलिव्हन अमेरिकेत बाटलेले. वर हेही, की सगळे मूळचे केरीचे, म्हणजे आयर्लंडच्या नैऋत्य टोकाच्या परगण्याचे. गोष्ट झकास आहे, पण तारखांशी तिचं जमत नाही.

आयर्लंडचा महादुष्काळ १८४५ ते १८५२ चा. एलिस आयलंडचं ठाणं उघडलं १ जानेवारी १८९२ ला, आणि पहिली नोंद झाली आयर्लंडमधल्या कॉर्कहून आलेल्या अ‍ॅनी मूर या मुलीची. तोवर दुष्काळात पळून आलेल्यांची नातवंडं अमेरिकेत कामाला लागली होती. शिवाय त्यातले कितीतरी जण न्यूयॉर्कला नव्हे, बॉस्टनला किंवा कॅनडातल्या क्युबेकला उतरले होते.

राहिला तो बिचारा कारकून. प्रवाशांची यादी त्याने लिहिलेलीच नसायची. ती बोटीच्या कंपनीची माणसं निघतानाच तयार करत. एलिस आयलंडवरचा तपासनीस ती समोर धरून प्रश्न विचारी आणि उत्तरं जुळतात का बघे. कुणाचं नव्याने बारसं करायचा त्याला अधिकार नव्हता. पुढे ज्यांची नावं बदलली, त्यांनी ती बहुतेक आपणहून बदलली.

मग 'ओ' गेला कुठे? आयर्लंडमध्येच, आणि फार आधी. सतराव्या शतकात गेलिक, म्हणजे मूळच्या आयरिश, सरदारांची सत्ता मोडली, जमिनीचे आणि कोर्टाचे कागद इंग्रजीतून होऊ लागले, आणि नावापुढे 'ओ' (वंशज) किंवा 'मॅक' (मुलगा) लावणं गैरसोयीचं झालं. कुठे लिहिणाऱ्याने गाळलं, कुठे लोकांनीच सोडून दिलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर झालेल्या ग्रिफिथच्या मोजणीत, म्हणजे करासाठी केलेल्या जमीन-घरांच्या मूल्यांकनात, केरी आणि कॉर्कची पानं उघडा, ओळीने नुसते सलिव्हन भेटतात. आपल्या मुंबईतही पुरावा आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर इथे ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी करणारा, मूळचा आयर्लंडचा समजला जाणारा लॉरेन्स सलिव्हन १७५८ मध्ये लंडनला कंपनीचा अध्यक्ष झाला. 'ओ' त्याच्याही नावात नाही, आणि एलिस आयलंड उघडायला तेव्हा सव्वाशेहून अधिक वर्षं होती!

'ओ' म्हणजे अस्सल, हेही उलटंच. १८९३ मध्ये गेलिक लीग स्थापन झाली, आयरिश भाषेचा अभिमान जागा झाला आणि आयर्लंडमधल्या अनेक घरांनी टाकलेला 'ओ' पुन्हा लावला. जे आधीच अमेरिकेत गेले होते, ते बहुतेक सलिव्हनच राहिले. त्यामुळे आज एकाच आजोबांच्या दोन शाखा दोन तऱ्हांनी सही करत असतील, तर त्यात नवल नाही.

केरी हेही मूळ गाव नव्हे. हे घराणं टिपेररीतल्या नॉकग्राफनच्या बाजूचं. बाराव्या शतकाच्या शेवटी नॉर्मन लोकांनी रेटल्यावर ते पश्चिमेला सरकलं आणि केरी आणि कॉर्कच्या किनाऱ्याला स्थिरावलं. एक मोठी शाखा बेरा द्वीपकल्पात होती. १६०२ मध्ये इंग्रजांनी तिचा डनबॉय किल्ला पाडला, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी तिचा प्रमुख डोनल कॅम ओ'सलिव्हन बेरा हजारभर माणसं घेऊन ग्लेनगॅरिफहून उत्तरेला निघाला. ऐन हिवाळा, वाटेत हल्ले. शॅनन नदी ओलांडायला त्यांनी घोडे मारले, कातड्यांच्या होड्या केल्या आणि मांस खाल्लं. दोनेक आठवड्यांनी लीट्रिमला पोचले ते ३५ जण. डोनल पुढे स्पेनला गेला आणि १६१८ मध्ये माद्रिदला मारला गेला. म्हणजे या आडनावाचं एक स्थलांतर अमेरिकेकडे नाही, स्पेनकडे झालं. पोस्टमध्ये त्याला एक ओळही नाही.

आणि अमेरिकेला गेलेले सगळे दुष्काळामुळेच गेले असंही नाही. बेरातल्या अ‍ॅलिहीजला १८१२ पासून तांब्याच्या खाणी चालत. त्या आटत गेल्या तसे तिथले खाणकामगार आधी मिशिगनच्या आणि मग माँटानातल्या ब्यूटच्या तांब्याच्या खाणींत गेले. काम ठाऊक होतं आणि गावचं कुणीतरी आधीच तिथे होतं. ब्यूटमध्ये सलिव्हन इतके झाले, की नुसत्या आडनावाने हाक मारून माणूस सापडेना.