रीतसर प्लगइन घेणाऱ्यांस चार हिताच्या गोष्टी

सर्वप्रथम अभिनंदन. तुम्ही ऑडिओ प्लगइन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचं आवाज घडवणारं छोटं सॉफ्टवेअर, विकत घेतलंत. मित्राच्या हार्ड डिस्कवरून उचललं नाहीत, स्वतःच्या कार्डावर डॉलर मोजलेत. आमच्या रेकॉर्डिंग स्टुडिओच्या धंद्यात असे लोक कमी, त्यामुळे तुमची योग्य ती सरबराई होईल याची खात्री बाळगा. मी बरीच वर्षं हा मान भोगतोय, आणि परवाच्या शनिवारी तो इतका भोगला की चार शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही.

खरेदीपासून सुरू करू. 249 डॉलरवर काट मारून खाली 29 लिहिलेलं असेल आणि शेजारी घड्याळ उलटं पळत असेल. घाई करू नका. ते घड्याळ मी तीन दिवाळ्या बघतोय, संपलं की पुन्हा पहिल्यापासून पळतं. मग बँकेच्या ॲपात शिरून कार्डाचे परदेशी व्यवहार चालू करा, पैसे भरा, आठवणीनं पुन्हा बंद करा. बँक डॉलरमागे आपला वाटा काढेल, वर 18 टक्के जीएसटी लागला तर लागला. घरी विचारलंच तर 'रिव्हर्ब घेतला' म्हणा. दाखव म्हणतील. दाखवता येत नाही. घुमणारा आवाज मोरीत फुकट मिळतो, हे आमच्या आईनं केव्हाच सांगून ठेवलंय.

आता मेलमध्ये किल्ली येईल. प्रॉडक्ट की. अक्षरं नि आकडे यांचे चार-पाच गट, मधे आडव्या रेघा. ती मुद्दाम अशा टायपात छापतात की शून्य आणि ओ सख्खे जुळे, एक आणि आय चुलत भाऊ, आठ आणि बी यांचं लांबून का होईना पण नातं आहेच. तुम्ही वाचा, असिस्टंटला टाइप करू द्या.

"ओ."

"ओ का झिरो?"

"गोल आहे रे."

"दोन्ही गोलच आहेत, दादा."

कॉपी-पेस्टचा शहाणपणा केलात तर किल्लीच्या शेपटीला एक स्पेस चिकटून येते. तुम्हाला ती दिसत नाही, मशीनला दिसते. समोर लाल अक्षरांत 'इनव्हॅलिड' उमटतं आणि पैसे भरल्याचा मेसेज मोबाइलवर असूनही, आपणच काही लबाडी केली की काय, असं अर्धा तास वाटत राहतं.

इन्स्टॉलर विचारेल, एकाच प्लगइनच्या या साच्यांपैकी कुठला हवा: व्हीएसटी, व्हीएसटी3, एयू की एएएक्स? सगळ्यांवर टिक करा, म्हणजे चार ठिकाणी सापडणार नाही.

काही कंपन्यांना मेलमधली किल्ली पुरत नाही. त्यांना आयलॉक लागतो. हा डोंगल, म्हणजे अंगठ्याएवढा यूएसबीचा तुकडा, किल्ल्या ठेवायची किल्ली, पैसे अर्थात वेगळे. कंपनीची मर्जी असेल तर परवाना मशीनवर किंवा क्लाउडवरही ठेवता येतो, पण क्लाउड म्हणजे काम संपेपर्यंत नेट जाता कामा नये. आमच्याकडे पाऊस पडला की नेट जातं, तेव्हा क्लाउडवर ढगाचीच सावली. डोंगल घ्या आणि देवघरात ठेवा. पीसीला पुढच्या बाजूनं लावू नका, गुडघा लागतो. माझ्या एका स्नेह्याचा असाच वाकला. त्यात त्याची दहा वर्षांची कमाई होती. तो दोन दिवस जेवला नाही.

आणि नुसता डोंगल जपून भागत नाही, त्याच्या पाठीमागची यंत्रणाही जगावी लागते. ज्या स्टाइनबर्ग कंपनीनं 1996 मध्ये व्हीएसटी हा प्रकार आणला, तिनंच 2022 पासून आपला ई-लायसेन्सर, म्हणजे त्यांची डोंगलवर परवाने ठेवायची पद्धत, मागे टाकत नेला आणि मे 2025 मध्ये ती सेवा बंद केली. डोंगलवर आधीपासून बसलेले परवाने चालतात. डोंगल जिवंत आहे तोवर. (नवी पद्धत डोंगलशिवाय चालते आणि बरी आहे, हेही सांगून टाकतो. उगाच पाप नको.)

'कायमचा परवाना' असं लिहिलेलं असेल तर 'कायमचा' म्हणजे कुणाचा कायमचा, ते विचारून घ्या. मार्च 2023 मध्ये वेव्ह्ज या प्लगइन कंपनीनं एका सकाळी जाहीर केलं की यापुढे विक्री बंद, फक्त भाडं. जगभरचे साउंड इंजिनिअर एवढे खवळले की काही दिवसांतच कंपनीनं शब्द फिरवला. आमची जमात एरवी एका स्नेअर ड्रमच्या आवाजावर एकमत करत नाही, त्यावरून काय ते समजा.

आता मुख्य उपदेश. मशीन मरणार असेल तर त्याला आठ दिवस आधी कळवायला सांगा.

माझ्या पीसीनं नाही कळवलं. गुरुवारी विजेचा दाब वरखाली झाला आणि मदरबोर्ड गेला. पुण्याच्या तपकीर गल्लीतून दुसरा आणून बसवला. डिस्क तीच, रॅम तीच, कॅबिनेट तेच, कॅबिनेटवरचा चहाच्या कपाचा गोल डागही तोच. शनिवारी भोर तालुक्यातलं एक भजनी मंडळ मिक्स ऐकायला येणार होतं. विठ्ठलाचा गजर, आठ मिनिटांचा. सोमवारी गावात सप्ताह बसणार, त्याच दिवशी पेनड्राइव्हचं प्रकाशन. बुवा, पखवाजवाले, पेटीमास्तर, दोन टाळकरी, सगळे तुफान गाडी करून आले. चहा झाला. बुवांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, डोळे मिटले. मी प्ले दाबलं.

"विठ्ठल विठ्ठल विठ्ठ" खर्रर्र.

डेमो मोड. परवाना पटला नाही की प्लगइन, इथे माझा रिव्हर्ब, मधे मधे मुद्दाम असा आवाज घुसवतं. ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको.

बुवांनी एक डोळा उघडला. "हे टाळाचं आहे का?"

"नाही बुवा, कंपनीचं आहे."

ॲक्टिव्हेशन करताना प्लगइन मशीनचे नंबर टिपून घेतं, बोर्डाचा, डिस्कचा, असे, आणि त्यातून त्या मशीनचा ठसा बनवतं. बोर्ड बदलला, ठसा बदलला. माझं तेच मशीन, डागासकट, कंपनीच्या लेखी परकं झालं. पोर्टल उघडलं. 'मशीन: 2 पैकी 2 वापरात.' पहिलं म्हणजे लॅपटॉप. दुसरं 'स्टुडिओ-पीसी'. आणि दारात ताटकळत उभं तिसरं, त्याचंही नाव 'स्टुडिओ-पीसी'. खाली सूचना: नवीन मशीन जोडण्यासाठी कृपया जुन्या मशीनवर प्लगइन उघडून 'डीॲक्टिव्हेट' दाबा.

जुन्या मशीनवर! अहो, ते मशीन मेलंय! मेलंय म्हणूनच नवा बोर्ड आणला ना? मयतानं स्वतः रांगेत उभं राहून मृत्यूचा दाखला न्यावा, अशातली ही गत. शिवाय खात्यात मी आहे, पासवर्ड माझा, मेल माझा, मोबाइलवर आलेला ओटीपी माझा, पावती माझ्या नावाची. एवढं सगळं तपासून आत घेतलं, बसवलं, आणि आत एक बटण नाही. 'हे मशीन आता नाही' एवढं सांगायचं एक बटण! बॅनर फिरतोय वर, 'पावसाळी सूट, 40 टक्के', त्याला मात्र बटण आहे, भलंमोठं, केशरी. मला दुसऱ्यांदा विकायची सोय आहे. एकदा विकलेलं चालू करायची नाही.

बुवांना मी म्हटलं, "किल्ली आहे हो, पण लागत नाहीये."

"पावसाळ्यात होतं तसं. दोन थेंब खोबरेल सोडा कुलपात."

मी हसलो नाही. चॅटवर गेलो. चॅटवर एक यंत्रमानव होता, त्यानं माझं नाव विचारलं, ऑर्डर नंबर विचारला, 'मशीन बदलल्यास काय करावे' या लेखाची लिंक दिली. लेखात लिहिलं होतं, जुन्या मशीनवर जा. मग माणूस मागितला. माणूस सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊ ते पाच, कॅलिफोर्नियाची वेळ. म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊ ते पहाटे साडेपाच. सोमवारी त्यांचा माणूस खुर्चीत बसेपर्यंत इकडे सप्ताहाचा पहिला दिवस संपून दुसऱ्या दिवसाचा काकडा जवळ येणार.

तेव्हा सल्ला असा, की बोर्ड जाळायचाच असेल तर मंगळवारी रात्री दहाला जाळा.

बुवा दर खर्रर्र ला दचकत आठ मिनिटं बसले. शेवटी म्हणाले, चांगलं झालंय, पण मधे मधे पाऊस आहे. रविवारी मी प्रत्येक गायकाच्या ट्रॅकवरून तो रिव्हर्ब काढला, सॉफ्टवेअरमधलाच साधा लावला, सगळा बॅलन्स पुन्हा पहिल्यापासून केला. बुवा रात्री एकटे परत आले, ऐकून गेले. सव्वीस ट्रॅक. माझा रविवार. ठीक आहे, माझा काय, जातोच.

आता तुमच्या मनात आलेलं बोलतो. आमच्या पलीकडच्या गल्लीत एक पोरगा बसतो. त्याच्याकडे हेच प्लगइन आहे, फुकटचं. त्याचाही बोर्ड मागे जळाला होता. नवा टाकला, पेनड्राइव्ह लावला, कीजेन, म्हणजे खोट्या किल्ल्या पाडणारा प्रोग्राम, उघडला, बटण दाबलं, नंबर आला, झालं. चहा निवायच्या आत. आणि कीजेनला संगीत असतं, माहितीय ना? टुंई टुंई करत मस्त धून वाजते. चोरानं बनवलेल्या किल्लीतही संगीत आहे. संगीत विकणाऱ्या कंपनीच्या पोर्टलवर एक गोल फिरतो. त्या पोराला कधी व्हायरस येतो, कधी प्रोजेक्ट बसतं, सगळं कबूल. 2010 च्या आसपास मीही तिथंच होतो, त्याला शिकवायला तोंड नाही मला. पण त्याला एकदाही कुणी 'तुम्ही खरे मालक आहात का' असं विचारलेलं नाही. ते फक्त मला विचारतात.

म्हणून आता सरळ बोलतो. अहो कंपनीवाले, तुमचं कुलूप चोराला लागतच नाही. तो दाराकडे फिरकत नाही, तो खिडकीतून येतो आणि खिडकीला तुम्ही गज लावू शकलेला नाहीत. कुलूप लागतं ते फक्त पैसे देणाऱ्याला. तुम्ही पहारेकरी बसवलाय तो गिऱ्हाइकाच्या उरावर! रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरवाल्यांना बघा. 60 दिवस पूर्ण वापरा म्हणतात, त्यानंतरही उघडतं, फक्त 'पैसे द्या' अशी आठवण करतं. छोट्या लोकांसाठी परवाना 60 डॉलरचा. मी तो न सांगता भरला, कारण मला कुणी चोर म्हटलं नाही. तुम्हाला एक आठवड्याची सवलत देता येत नाही? मशीन बदललं, वापरा सात दिवस, तोवर आमचा माणूस उठेल, एवढं लिहायला कितीसा कोड लागतो? खात्यातून मेलेलं मशीन काढू द्यायला काय धाड भरली? आणि त्या किल्लीत ओ आणि शून्य यांतला एकच ठेवा रे. पस्तीस अक्षरं-आकडे आहेत अजून!

मंगळवारी पहाटे त्यांचा मेल आला. जुनं मशीन काढलंय म्हणे, पुन्हा प्रयत्न करा, आणि आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?

बुवांच्या दुसऱ्या खेपेचं गाडीभाडं 2200 रुपये झालंय. ते मी दिलं. त्याची पावती आहे माझ्याकडे, ड्रायव्हरनं हातानं लिहिलेली, आणि तिच्यातला प्रत्येक शून्य शून्यासारखा दिसतो. ती कुठल्या पोर्टलवर अपलोड करायची तेवढं कळवा.