आधी सांगा, तिथे घडलं काय!

प्रायोगिक सादरीकरणांबद्दल लिहिणारे नवे समीक्षक तयार व्हायला हवेत, याला नाही म्हणणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही. करणाऱ्यांना हवेत, आयोजकांना हवेत, जुन्या समीक्षकांनाही हवेत, निदान व्यासपीठावर असताना तरी. मग एखादी कार्यशाळा होते. सौंदर्यशास्त्र होतं, उत्तरआधुनिकता होते, शेवटी प्रमाणपत्रं आणि ग्रुप फोटो. त्यानंतर ही मुलं जे लिहितात ते वाचलं की शंका येते, ही सादरीकरण बघून आली की माहितीपत्रक वाचून?

मुलांना नावं ठेवत नाहीये. त्यांना जे शिकवलं तेच ती करतात. माझं म्हणणं एवढंच आहे की नव्या समीक्षकाला सुरुवातीचा बराच काळ मत देऊच देऊ नये. फक्त काय घडलं ते लिहायला लावावं. पोस्ट लांबणार आहे, घाईत असाल तर इथूनच लाइक ठोकून पुढे गेलात तरी चालेल.

लिहिलेल्या नाटकाचं परीक्षण फसलं तरी फारसं बिघडत नाही. संहिता असते. उद्या दुसरं कुणी ते नाटक बसवतं, परवा तिसरं कुणी त्यावर लिहितं. इथे तशी सोय नाही. १९५९च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या रूबेन गॅलरीत ॲलन कॅप्रो या कलाकाराने ‘एटीन हॅपनिंग्ज इन सिक्स पार्ट्स’ हे सादरीकरण केलं; अशा प्रयोगांना पुढे ‘हॅपनिंग’ म्हणू लागले. प्लास्टिकच्या पडद्यांनी जागेच्या तीन खोल्या पाडल्या होत्या आणि कुणी कधी उठून कुठे बसायचं, याच्या सूचना कार्डांवर लिहून प्रेक्षकांच्या हातात दिल्या होत्या. पलीकडच्या खोलीतलं कानावर पडणार, पुसटसं दिसणार, पण सगळं काही एकाच माणसाला बघायला मिळणार नाही. आता अशा प्रयोगाचा ‘एकूण परिणाम’ समीक्षक कशाच्या जोरावर सांगणार? त्याने आधी सांगावं की तो कुठल्या खोलीत बसला होता.

तेहचिंग शिए या कलाकाराची तर गोष्टच वेगळी. ११ एप्रिल १९८० ते ११ एप्रिल १९८१, हा माणूस आपल्या स्टुडिओत रात्रंदिवस दर तासाला हजेरीच्या घड्याळात कार्ड पंच करत होता. वर्षाचे तास ८७६०. त्यातले १३३ हुकले, आणि ते कशामुळे हुकले याचीही नोंद त्याने ठेवली. बहुतेक वेळा झोप. काही वेळा उशीर, काही वेळा वेळेआधीच पंच. हे सगळं बघितलेला समीक्षक असणं शक्यच नाही. तरीही ‘भांडवली काळशिस्तीचं विडंबन’ असल्या वाक्यापेक्षा मला ते १३३ हुकलेले तास जास्त काही सांगतात. वर्षभर दर तासाला उठणाऱ्या माणसाला झोप लागली! हे ज्याने टिपलं त्याने मला त्या स्टुडिओत नेलं. विडंबनवाल्याने मला ग्रंथालयात नेलं.

आणि कधीकधी क्रम हाच सगळा ऐवज असतो. मरीना अब्रामोविच ही कलाकार १९७४ मध्ये नेपल्सला सहा तास प्रेक्षकांसमोर नुसती उभी राहिली. टेबलावर ७२ वस्तू मांडलेल्या, त्यात गुलाब, पीस, कात्री, पिस्तूल, गोळी, आणि वाटेल ते करायची मुभा. सुरुवातीला लोक बिचकत होते, मग कपडे कापले गेले, पुढे भरलेलं पिस्तूल तिच्यावर रोखलं गेलं. ‘प्रेक्षकातल्या हिंसेचं दर्शन’ हे लिहायला तिथे हजर असायची गरज नाही, घरबसल्या लिहिता येतं. बिचकणं नेमकं कधी संपलं, हे फक्त हजर असलेलाच सांगू शकतो.

मायकेल कर्बी नावाचा एक अभ्यासक होता. ‘द ड्रामा रिव्ह्यू’ या नियतकालिकाचा तो बरीच वर्षं संपादक होता. १९६५ मध्ये त्याने हॅपनिंग्जवर पुस्तक काढलं, त्यात प्रत्येक सादरीकरणाचं बारकाईने केलेलं वर्णन आहे. तो तर इतक्या टोकाला गेला की चांगलं-वाईट ठरवणारी समीक्षा बंदच करा म्हणाला. मी तिथवर जात नाही. मत हवंच. पण कर्बीच्या वर्णनांमुळे आज आपल्याला त्या प्रयोगांविषयी बोलता तरी येतं. त्या काळात कुणाला काय ‘भावलं’ ते आज कुणाच्या उपयोगाचं नाही.

थोडं जवळून सांगते. मध्यंतरी एका लेखन-गटात मी मुलांचे मजकूर वाचायला बसत होते. सगळ्यांनी एकच सादरीकरण बघितलेलं. एक कलाकार प्रेक्षकांत फिरतो, एकेकासमोर थांबतो, न बोलता हात पुढे करतो. माणूस उठला की त्याची खुर्ची उचलून समोर नेऊन ठेवतो. तासाभरात समोर खुर्च्यांचा ढीग आणि सगळा प्रेक्षकवर्ग उभा. एका मुलीचा मजकूर असा सुरू होत होता: ‘हे सादरीकरण सत्तेच्या संरचनांना आणि प्रेक्षकत्वाच्या रूढ कल्पनांना आव्हान देतं.’ पुढची दोन पानं याच चालीवर. चुकीचं काही नव्हतं. पण हेच वाक्य उचलून दुसऱ्या कुठल्याही सादरीकरणाला लावलं असतं तरी कुणाला पत्ता लागला नसता.

मी तिला विचारलं, “कुणी उठायला नकार दिला का गं?”

ती म्हणाली, “हो ना, तिसऱ्या रांगेत एक बाई होत्या. त्या हलल्याच नाहीत. पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या.”

“मग त्याने काय केलं?”

“तो थांबला. बराच वेळ हात तसाच. मग त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसला. आणि ताई, खरं सांगू, लोक त्या बाईंवर चिडले. मीसुद्धा. मला वाटलं, उठा ना आता, किती वेळ.”

“हे का नाही लिहिलंस?”

“ते काय, असंच झालं ना. ते त्याच्या संकल्पनेत नव्हतं.”

आमच्या शिकवण्याची सगळी गोम या शेवटच्या वाक्यात आहे. त्या खोलीत सत्ता कुठे होती, कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेली, ते सगळं तिने डोळ्यांनी बघितलं होतं. नव्हे, त्यात ती सामीलही झाली होती. पण ते ‘लिहिण्यासारखं’ असतं, असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने मजकूर पुन्हा लिहिला. सुरुवात त्या पर्सपासून. ‘आव्हान देतं’ गेलं, ‘संरचना’ गेल्या, आणि शेवटाकडे तिचं मत आपसूक आलं. बाई बसून राहिल्या त्या दहा मिनिटांत प्रयोग खरा होता, त्याच्या आधी आणि नंतर ती नुसती कवायत होती, असं काहीसं. कलाकाराला ते झोंबलं असेल. पण त्याच्याशी भांडता येतं, कारण समोर पुरावा ठेवलाय.

वर्णन म्हणजे यादी नव्हे, हे इथे सांगून टाकते, नाहीतर कमेंटमध्ये कुणीतरी ‘मग सीसीटीव्ही लावा’ म्हणणारच. काय टिपायचं आणि काय सोडायचं यातच निम्मं मत येऊन जातं. संगीतकार जॉन केजच्या ‘फोर मिनिट्स थर्टी-थ्री सेकंड्स’चा पहिला प्रयोग १९५२ मध्ये झाला. पियानोवादक डेव्हिड ट्यूडर पियानोसमोर बसला आणि पट्ट्यांवरचं झाकण बंद-उघड करत त्याने तीन भाग पाडले, एकही सूर न वाजवता. झाकणाबद्दल लिहायचं, की मागच्या लोकांच्या चुळबुळीबद्दल, की हॉलबाहेरच्या आवाजांबद्दल, ही निवड करणारा समीक्षकच असतो. फक्त त्याने ती उघड्यावर केलेली असते.

आता प्रश्न, हे नवे लोक आणायचे कुठून? आपण घेतो साहित्याच्या वर्गातून, फार तर नाट्यशास्त्राच्या. मला इथे भरतमुनींची आठवण येते. त्यांच्या ‘नाट्यशास्त्र’ या ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा, म्हणजे यशाचा, विचार आहे, आणि वाद उद्भवला तर तोलून सांगणारे प्राश्निक, म्हणजे परीक्षक, कोण असावेत, त्याची यादी आहे. यज्ञ जाणणारा, नर्तक, छंदशास्त्र जाणणारा, व्याकरण जाणणारा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, संगीतज्ञ, राजसेवक, आणि राजा. ज्याला जे कळतं त्याने ते बघावं. धनुर्धराने उभं राहणं बघावं, चित्रकाराने वेशभूषा आणि रंगभूषा, राजसेवकाने दरबारी वागणं. साहित्याचा प्राध्यापक यादीत शोधून सापडत नाही (वैयाकरण आहे, त्यावर त्यांनी समाधान मानावं).

हे मला फार आजचं वाटतं. एखादी कलाकार आठ तास उभी राहणार असेल, तर उभं राहण्याविषयी एखाद्या नर्सला किंवा फिजिओथेरपिस्टला जे दिसेल ते मला दिसणार नाही. गुडघा कधी लॉक झाला, वजन कुठल्या पायावर गेलं. ध्वनीवर उभारलेल्या प्रयोगाला साउंड रेकॉर्डिस्ट बसवा. रिकाम्या कारखान्यात काही होणार असेल तर तिथे काम केलेला कामगार बोलवा. यांना ‘परफॉर्मेटिव्हिटी’ माहीत नसते, हे उत्तमच. त्यांना वाक्य लिहायला शिकवणं सोपं असतं. ज्याला वाक्य येतं त्याला बघायला शिकवणं फार जड जातं.

शिकवून झालं तरी उरतात वेळ आणि पैसा. मे १९५८ मध्ये लंडनला हॅरॉल्ड पिंटरचं ‘द बर्थडे पार्टी’ आलं. दैनिकांनी धुऊन काढलं आणि आठ प्रयोगांत ते उतरलं. ‘संडे टाइम्स’च्या हॅरॉल्ड हॉब्सनने मात्र या लेखकाच्या प्रतिभेची ग्वाही दिली. पण ती छापून आली रविवारी, आणि नाटक बंद पडलं होतं आदल्या शनिवारी. ही गोष्ट सांगून लोक हॉब्सनच्या नजरेचं कौतुक करतात. करावंच. पण त्याच्याकडे रविवारचं वृत्तपत्र होतं, विचार करायला काही दिवस होते. दैनिकवाले पडदा पडल्याबरोबर मजकूर द्यायला पळत होते. १९९५च्या जानेवारीत सेरा केनचं ‘ब्लास्टेड’ हे नाटक लंडनच्याच रॉयल कोर्ट नाट्यगृहाच्या वरच्या छोट्या थिएटरात लागलं, तेव्हाही तेच. सगळे तुटून पडले, आणि पुढे ‘गार्डियन’च्या मायकेल बिलिंग्टनसारख्याने जाहीरपणे मत बदललं. म्हणून नव्या माणसाला एका पासाऐवजी दोन द्या, दोन वेगवेगळ्या दिवसांचे. आणि त्याचा मजकूर ओळीओळीने वाचणारा एक संपादक द्या. समीक्षक घडतो तो या वाचणाऱ्यासमोर बसून, ‘हे तू बघितलंस की ऐकलंस?’ या प्रश्नाला उत्तरं देत देत. मानधनाचं तर बोलायलाच नको. जाण्यायेण्याचा खर्चही निघत नसेल तर शेवटी ज्यांच्या घरचं बरं आहे तेवढेच समीक्षक उरतात, आणि मग सगळ्यांना एकाच वर्गातून आल्यासारखं सगळं दिसतं.

न बघता लिहिणाऱ्यांबद्दल जास्त बोलत नाही. १९९४च्या अखेरीस ‘न्यूयॉर्कर’मध्ये आर्लीन क्रोचीसारख्या मोठ्या नृत्यसमीक्षिकेने बिल टी. जोन्स या नृत्यदिग्दर्शकाच्या ‘स्टिल/हिअर’ या नृत्यप्रयोगावर, ते आपण बघितलेलं नाही आणि बघणारही नाही असं सांगून, लांबलचक लिहिलं. खूप गाजलं. नव्यांना तो लेख जरूर वाचायला द्यावा, म्हणजे भाषा कितीही तालेवार असली तरी काय नसतं ते कळेल.

जवळिकीचा मुद्दा जास्त अवघड आहे. प्रायोगिकवाल्यांचं जग लहान. करणारे, बघणारे, लिहिणारे एकमेकांच्या घरी जेवणारे. काहींना वाटतं की समीक्षकाने लांब राहावं. मला तसं वाटत नाही. साठच्या दशकात जिल जॉन्स्टन ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकात न्यूयॉर्कच्या जडसन चर्चमधल्या नव्या नृत्याबद्दल लिहीत होती, त्याच लोकांत तिची उठबस होती, अधूनमधून स्वतःही सादरीकरणात उतरायची. जवळ असल्यामुळेच तिला ते दिसलं. लपवाछपवी नसली म्हणजे झालं. मैत्री असेल तर मजकुरातच सांगून टाका, वाचणारा हिशेब करून घेतो. आयोजकांनी पैसे दिले असतील तर तेही सांगा. मला जास्त भीती वाटते ती जाहिरातीचा मजकूर समीक्षा म्हणून खपवण्याची, आणि तो खपतोय.

राहिला एक प्रश्न, जो प्रत्येक गटात कुणीतरी विचारतंच. तीसचाळीस लोक बघतात, खिशातले पैसे घालून करतात, अशांना वाईट म्हणायचं का? म्हणायचं. गोडगोड लिहिणं हा मला त्यांचा अपमान वाटतो, लहान मुलाच्या चित्राला आपण ‘वा वा’ म्हणतो तसला. फक्त वाईट म्हणण्याआधी ते इतकं नीट दाखवा, की न बघितलेला वाचक तुमचं वर्णन वाचून तुमच्याच मताविरुद्ध जाऊ शकेल. तेवढं साधलं की मग बिनधास्त झोडा.

कुणाला करून बघायचं असेल तर एखादं सादरीकरण बघा आणि दोन पानं लिहा, विशेषणं टाळून. मला पाठवा, मी वाचून खुणा करून देईन. छापायला माझ्याकडे जागा नाही. ज्यांच्याकडे आहे ते माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत आणि ही पोस्ट वाचतायत. त्यांनी कमेंटमध्ये ‘छान’ लिहू नये, किती शब्दांची जागा आणि किती मानधन देणार ते लिहावं.