कोरड्या विहिरीतले पोहणे?

‘सिम्युलेटरवर नेटवर्क-हल्ले अभ्यासणे म्हणजे कोरड्या विहिरीत पोहणे, खरे शिक्षण जिवंत नेटवर्कवरच होते, सिम्युलेशनमधून नवे काही कळत नाही, आणि वर्गात हे शिकवले तर हल्लेखोर तयार होतात’ असा मजकूर संगणकशाखेच्या विद्यार्थ्यांत सध्या फिरतो आहे. सिम्युलेटर म्हणजे संगणकात नेटवर्कची प्रतिकृती उभी करणारा प्रोग्रॅम. त्या मजकुरातली तिन्ही विधाने सारखीच कच्ची नाहीत.

जिवंत नेटवर्कचे आधी पाहू. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने इंटरनेटवर एक वर्म, म्हणजे एका यंत्रातून दुसऱ्यात आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, सोडला. यंत्रात आपली प्रत आधीच आहे का, हे तो विचारत असे. पण खोट्या ‘हो’ने कुणी त्याला अडवू नये म्हणून सातांपैकी एका वेळी तो उत्तराकडे दुर्लक्ष करून ठाण मांडी. हे प्रमाण भलतेच जास्त ठरले, प्रतींवर प्रती साचल्या आणि यंत्रे गुदमरली. ही चूक साध्या प्रतिकृतीवरही लगेच उघडी पडली असती. मॉरिसला मात्र ती वर्म सुटल्यावर कळली, आणि पुढे न्यायालयात त्याला शिक्षाही झाली. आपल्याकडेही, परवानगीशिवाय परक्या नेटवर्कात शिरणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ४३मध्ये बसते, आणि तेच अप्रामाणिकपणे केल्यास कलम ६६खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

‘नवे काही कळत नाही’ हे तर उघड चूक आहे. स्टॅनिफर्ड, पॅक्सन आणि वीव्हर या संशोधकांनी २००२ साली सिम्युलेशनच्या आधारे दाखवले होते, की नीट रचलेला वर्म १५ मिनिटांच्या आत जवळजवळ सर्व असुरक्षित यंत्रे व्यापू शकतो. पुढच्याच वर्षी, २५ जानेवारीला, स्लॅमर नावाचा वर्म आला. त्याची संख्या सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट होत होती आणि दहा मिनिटांत सुमारे ९० टक्के असुरक्षित यंत्रे त्याने गाठली. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. पहिल्या मिनिटानंतर त्याची वाढ नेहमीच्या गणिती आलेखाच्या खाली घसरली, कारण त्याच्याच पॅकेटांनी, म्हणजे त्याने धाडलेल्या माहितीच्या तुकड्यांनी, नेटवर्कच्या वाहिन्या तुंबल्या होत्या आणि त्या गणितात वाहिन्यांची क्षमता धरलेलीच नसते. प्रतिकृती अपुरी असते ती अशी. पण ही तफावत दिसली, तीही हातात आलेख होता म्हणूनच.

हल्लेखोर तयार होण्याच्या भीतीबद्दल फार लिहावेसे वाटत नाही. हल्ल्याची साधने आयती मिळतात. सिन-फ्लडमध्ये, म्हणजे जोडणीच्या खोट्या विनंत्यांच्या माऱ्यात, सर्व्हरवरची अर्धवट जोडण्यांची रांग कशी भरते आणि सिन-कुकी (रांगेत जागा न अडवता विनंती पारखण्याची युक्ती) चालू करताच खऱ्या ग्राहकाची जोडणी पुन्हा कशी लागते, हे मात्र त्या साधनांतून कुणाला कळत नाही.